नामंजूर अर्जाचा जमाखर्च

इतिहास लिहिताना आपण बहुधा मिळालेल्या गोष्टींचा लिहितो. सनदा मिळाल्या, इनामे मिळाली, परवाने मिळाले, मताचा अधिकार मिळाला; या सर्वांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. परंतु जे मागितले आणि मिळाले नाही, त्याचा इतिहास कोठे सापडावयाचा? कचेरीच्या बारनिशीत तो एका ओळीचा असतो. अर्ज आल्याची तारीख, अर्जदाराचे नाव, विषय आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : 'नामंजूर'. त्याखाली सही होते, कागद दप्तरी दाखल होतो आणि प्रकरण निकाली निघते. अर्जदाराच्या घरी मात्र खऱ्या प्रकरणाला त्या दिवशी तोंड लागते. त्या घरच्या वहीत काय काय मांडले जाते, किंबहुना काय काय मांडलेच जात नाही, याचा विचार आम्ही आज करणार आहोत. आणि तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यापुरता करणार आहोत, कारण या विषयाचे धडे या जिल्ह्याने जितके गिरविले आहेत तितके फार थोड्यांनी गिरविले असतील.

हा विषय आम्हांस सुचला तो एका प्रवासात. काही वर्षांपूर्वी वणीकडून यवतमाळला येणाऱ्या एसटीत आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर नायलॉनची थैली, आणि थैलीत प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले कागद. सातबारा, आठ-अ, सोसायटीचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. नवरा जाऊन दीड वर्ष झाले होते. सरकारी मदतीसाठी केलेल्या प्रकरणाचा निकाल त्यांच्या हाती आला होता आणि तो काय आहे हे समजून घेण्यासाठी त्या पुन्हा एकदा जिल्ह्याच्या गावी निघाल्या होत्या. त्यांनी कागद आमच्यापुढे धरला आणि विचारले, "भाऊ, अपात्र म्हंजे काय जी? थो अपात्र होता, का मी?" या प्रश्नाला आम्ही त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे विवेचन म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे असे समजावे.

प्रथम थोडे मागे जाऊ. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६४ मध्ये प्रांताच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला जाऊन त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. दरम्यान १८६० च्या दशकापासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी सुरू झाली. शेताला नंबर पडला, हद्दीला दगड लागले, आणि प्रत्येक नंबरापुढे एक नाव लिहिले गेले. ही मोठीच घटना होती. जमीन कोणाची हे त्यापूर्वी गाव सांगत असे. आता ते वही सांगू लागली.

ज्यांची नावे वहीत चढली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना अर्ज करण्यासाठी एक आधार मिळाला. पण ज्यांची चढली नाहीत ते कोण होते? डोंगरकपारीतल्या पोडांवर राहणारे आणि जागा बदलून शेती करणारे कोलाम. बैलांचे तांडे घेऊन फिरणारे बंजारा. रानात फासे लावणारे पारधी. आणि प्रत्येक जातीतील, प्रत्येक घरातील स्त्रिया, ज्या शेतात राबत होत्या पण खातेदार म्हणून ज्यांचे नाव लिहावे असे क्वचितच कोणाला वाटले. कागदाचे राज्य सुरू झाले तेव्हा ही माणसे कागदाबाहेर राहिली. पुढच्या दीडशे वर्षांतील नामंजूर अर्जांचे मूळ आम्हांस येथे दिसते.

कागदाचे राज्य फुकटचेही नव्हते. इंग्रजी अमलातील १८७० च्या कोर्ट फी कायद्याने अर्जावर तिकीट लावणे सक्तीचे केले. साध्या अर्जाला एक आणा, कलेक्टरासारख्या अधिकाऱ्यापुढील बऱ्याचशा अर्जांना आठ आणे, त्यावरच्या अधिकाऱ्याकडे रुपया. आठ आणे म्हणजे त्या काळच्या शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी. त्याशिवाय कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचे पैसे वेगळे. कारण ज्याला लिहिता येत नाही, त्याची तक्रार दुसऱ्याच्या भाषेतच कचेरीत शिरत असे. अर्ज मंजूर झाला काय किंवा नामंजूर झाला काय, तिकीट परत मिळत नसे. मागण्याचा खर्च मागणाऱ्याने सोसावा, ही रीत तेव्हा पडली ती आजतागायत कायम आहे.

आता जंगलाकडे वळू, कारण हा जिल्हा जितका कापसाचा तितकाच सागाचा. जंगल राखीव झाले तेव्हा काल जे मुकाट्याने घेतले जात होते त्यासाठी परवाना लागू लागला. गुरांना चारा हवा, परवाना. छपराला गवत हवे, परवाना. आणि परवाना नसेल तर दंड. या व्यवस्थेला या जिल्ह्याने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात स्वयंसेवकांसह जाऊन परवान्याशिवाय गवत कापले आणि त्याबद्दल कारावास पत्करला. अणे स्वतः वकील होते. अर्ज कसा लिहावा, कोणत्या कलमाखाली लिहावा, हे त्यांच्याइतके चांगले जाणणारे जिल्ह्यात फार थोडे होते. अशा माणसाने अर्ज बाजूला ठेवून विळा हाती घेतला. जंगल सत्याग्रहाची महती सांगताना आपण त्यातील शौर्य सांगतो; परंतु जे गवत आपलेच आहे त्यासाठी अर्ज करावयाचा आणि तो नाकारला गेला तर गप्प बसावयाचे, यातील अवमान त्यांनी ओळखला होता, हेही सांगितले पाहिजे.

स्वराज्य आले. अर्जाची भाषा इंग्रजीची मराठी झाली. पण पुराव्याचा भार मात्र होता तेथेच राहिला. याचे एक उदाहरण आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी जाहीर झाली आणि १९५६ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. परंतु विदर्भात ही मान्यता ठराविक तहसिलींपुरतीच होती. आज महाराष्ट्रात असलेल्या भागापुरते बोलावयाचे तर अमरावतीतील मेळघाट, चांद्यातील गडचिरोली व सिरोंचा आणि आपल्या जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ. जिल्ह्यात तेव्हा पाच तहसिली होत्या. उरलेल्या दोन, म्हणजे दारव्हा आणि पुसद, यादीबाहेर राहिल्या. याचा अर्थ असा की एकाच जमातीचा, एकाच कुळाचा माणूस केळापुरात आदिवासी ठरे आणि पुसदेत ठरत नसे. सोयरीक दोन्हीकडे होत होती, देव एक होते, भाषा एक होती. फक्त तहसील वेगळी होती. हे क्षेत्रबंधन उठविणारा कायदा १९७६ मध्ये झाला आणि २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. म्हणजे १९५० पासून सत्तावीस वर्षे! त्या काळात शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, नोकरीचा अर्ज ज्याने केला आणि 'क्षेत्राबाहेरचा' म्हणून ज्याला परत पाठविले गेले, त्याचे शिकावयाचे वय नंतर कोणत्या कायद्याने परत दिले? कायदा सुधारला की इतिहासकार समाधानाने पान उलटतो. परंतु पान उलटण्यापूर्वी जे म्हातारे झाले त्यांचा हिशेब त्या पानावरच राहून जातो.

यादीत नाव आले तरी पुरावा द्यावाच लागतो. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी महाराष्ट्रात वेगवेगळ्या तारखा धरल्या जातात : अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१. त्यापूर्वीचा कागद दाखवा, असे सांगितले जाते. ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांना शाळेचा दाखला मिळतो. ज्यांच्या आजोबांचे शेत होते त्यांना महसुली उतारा मिळतो. पण ज्यांचे आजोबा पालावर जन्मले आणि पालावरच गेले, त्यांनी काय आणावे? त्यांच्यापैकी ज्यांच्यावर गुन्हेगार जमातींच्या कायद्याची मुद्रा बसली होती, त्यांच्या बाबतीत तर विलक्षण प्रकार आहे. तो कायदा १८७१ मध्ये आला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या कायद्याखाली जमातीच्या माणसांची नावे नोंदवून ठेवीत. आजोबांचे नाव सरकारने प्रथम लिहिले ते त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. आणि नातवाला शिकावयाचे असेल तर त्याने तसलाच एखादा कागद शोधून आणावयाचा!

श्रोतेहो, ही एक तऱ्हेवाईक गोष्ट म्हणून आम्ही सोडून दिली असती. परंतु जिल्ह्याच्या इतिहासात ती पुनःपुन्हा भेटते. २००६ मध्ये वनहक्क कायदा संमत झाला. वनजमीन कसणाऱ्यांवर पूर्वापार अन्याय झाला आहे, हे या कायद्याने उघडपणे मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे आदिवासी कुटुंबाने दाखविले तर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळावा, इतर पारंपरिक वननिवासींनी मात्र पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवावा, अशी तजवीज झाली. ग्रामसभेने दावा तपासावा, उपविभागीय समितीने पाहावा, जिल्हा समितीने अंतिम निर्णय द्यावा, असा क्रम ठरला. पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे जबाब, जुनी घरे, विहिरी, बांध, दफनभूमी यांसारख्या खुणाही नियमांनी मान्य केल्या. परंतु कागदाला सरावलेल्या नजरेला कागदच दिसतो. आणि जंगल कसणाऱ्या माणसाकडे कागद कोणता असावयाचा? अतिक्रमण केल्याबद्दल भरलेल्या दंडाची पावती! ज्याला पकडले, ज्याच्याकडून दंड घेतला, त्याचा ताबा सिद्ध. ज्याला कोणी पकडले नाही, जो रखवालदाराची नजर चुकवून किंवा त्याला कोंबडी देऊन कसत राहिला, त्याच्याजवळ काहीच नाही. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असलेल्या कोलामांची वस्ती प्रामुख्याने आपल्या जिल्ह्यात आहे. आणि कोलाम तर स्वभावाने तंट्यापासून दूर राहणारा. ज्याने कधी सरकारशी भांडण केले नाही, त्याचे नाव सरकारच्या वहीत यावे कसे?

तिसरा प्रसंग सर्वांत दुःखाचा. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील साहेबराव करपे या शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले; त्या दिवसाच्या स्मरणार्थ अलीकडे दरवर्षी १९ मार्चला अनेकजण अन्नत्याग करतात. पुढे या घटनांची जणू रांग लागली. कोरडवाहू कपाशी, बेभरवशाचा पाऊस, वाढता खर्च आणि पडता भाव, यांविषयी येथे पुष्कळ बोलले गेले आहे. ते पुन्हा सांगत नाही. २००५ च्या डिसेंबरात राज्य शासनाने अशा कुटुंबास एक लाख रुपये देण्याचे ठरविले आणि २३ जानेवारी २००६ च्या निर्णयाने त्याची रीत घालून दिली. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसावी आणि तिने प्रत्येक प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवावे. मृताच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या नावे शेती हवी. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. नापिकीमुळे ते फेडता न आलेले हवे. वसुलीचा तगादा लागलेला हवा.

आता हे निकष वाचताना मागची दोन उदाहरणे आठवावीत. वसुलीची नोटीस ज्याच्या घरी आहे, त्याचे प्रकरण बळकट. येथेही पुन्हा शिक्षेचाच कागद! बँकेने ज्याला दारात उभे केले नाही म्हणून जो बिनपरवान्याच्या सावकाराकडे गेला, त्याचे कर्ज अधिक जाचक. पण तो सावकार लिहून देत नाही, म्हणून ते कर्जच नाही. ज्याने दुसऱ्याचे शेत मक्त्याने केले, त्याच्या कुटुंबाच्या नावे सातबारा नाही, म्हणून तो शेतकरीच नाही. सून राबते ती सासऱ्याच्या शेतात. घरातून वेगळी निघाली तर तिच्याजवळ दाखवावयास काहीही उरत नाही. जिल्ह्यात २००१ पासूनच्या अशा मृत्यूंची नोंद हजारांच्या घरात गेली आहे आणि तिच्यातील फार मोठ्या भागापुढे 'अपात्र' हाच शब्द लिहिला गेला आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. या जिल्ह्यातील गरिबाची नोंद राज्याने बहुधा त्याला धाक घालण्याच्या, दंड करण्याच्या किंवा वसुली करण्याच्या वेळीच घेतली. आणि पुढे हक्क देण्याची वेळ आली तेव्हा त्याच नोंदी पुरावा म्हणून मागितल्या. ज्याच्याजवळ त्या नव्हत्या, त्याचा अर्ज नामंजूर झाला. आणि त्या नामंजुरीचा खर्च कोणत्याच वहीत मांडला गेला नाही.

तो खर्च आज आपण थोडा मांडून पाहू. झरी जामणीहून किंवा उमरखेडहून यवतमाळला येणे म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपासची वाट. एकट्या बाईला किंवा अडाणी माणसाला सोबत लागते. एका प्रकरणासाठी दहा फेऱ्या आणि दोन माणसे धरली तर वीस दिवस मोडले. २०१९-२० मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती; म्हणजे बुडालेली मजुरीच ४,१२० रुपये. त्यात एसटीचे भाडे नाही, झेरॉक्स नाही, दुपारचा चहा नाही. प्रतिज्ञापत्रासाठी शंभर रुपयांचा मुद्रांक विकत घेतला असेल तर तो आणखी वेगळा. आणि गंमत अशी की सरकारी कचेरीत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ पासूनच माफ झाले आहे! जी माफी कोणी सांगितली नाही, तीही खर्चातच धरावी लागते. या सर्वांसाठी दुकानदाराकडून ५ हजार रुपये शेकडा ३ रुपये महिन्याने उचलले, असे धरा. वर्षाला १,८०० रुपये व्याज होते. आणि ज्या मदतीवर ते फेडावयाचे ती तर नामंजूर. कर्जाने खचलेल्या घराने मदत मागण्यासाठी आणखी कर्ज काढावे, याहून दुर्दैवाचा व्यवहार कोणता?

दिवसाची किंमतही सर्व ऋतूंत सारखी नसते. मृगात तारीख पडली तर पेरणी हुकते. कापूस फुटला असताना तारीख पडली तर वेचणी राहते आणि एखाद्या पावसाने बोंडे काळी पडतात. कचेरीच्या दिनदर्शिकेत सर्व दिवस सारखे असतात, शेताच्या दिनदर्शिकेत तसे नसतात.

विलंबाचीही एक वजाबाकी असते. २००५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव सात हजारांच्या आसपास होता. एक लाखात सुमारे चौदा तोळे सोने येई. २०१५ च्या सुमारास तो भाव सव्वीस हजारांपर्यंत गेला आणि मदतीची रक्कम तीच राहिली. आता चार तोळेही येईनात. येथे सोन्याचा दाखला आम्ही मुद्दाम देत आहोत. अडचणीत घरातील पहिली वस्तू जाते ती गळ्यातील पोत, आणि दिवस पालटले की तीच प्रथम सोडवून आणावयाची असते.

इतका खर्च मांडता आला. जो मांडता येत नाही तो मनाचा. 'अपात्र' हा शब्द समितीच्या दृष्टीने प्रकरणाला लागतो, निकषांना लागतो. गावात तो मेलेल्या माणसाला लागतो. शासनानेच नाही म्हटले, म्हणजे शेतीपायी तो गेला नसणार. मग दारूपायी गेला असेल, घरातील भांडणापायी गेला असेल, बायकोचेच काही असेल, असा तर्क पारावर सुरू होतो. नवरा गेला हे दुःख एक. तो ज्या कारणाने गेला ते कारण खोटे ठरविले गेले हे दुःख दुसरे. आणि त्या खोट्याचा आळ आपल्यावर आला हे तिसरे. मुलगा शाळेतून भांडण करून घरी येतो. सासर हात झटकते. बाई पुढे दुसऱ्या कोणत्याही योजनेचा अर्ज करावयाचे टाळते. हे शेवटचे आम्हांस सर्वांत घातक वाटते. एका नामंजुरीने माणूस एकच हक्क गमावीत नाही. तो मागण्याची सवय गमावतो. आणि जो मागत नाही, त्याला गरज नाही असे पुढच्या अहवालात धरले जाते.

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पैसा सार्वजनिक आहे. तो मागेल त्याला देऊन चालत नाही. खोटे जातीचे दाखले मिळवून आदिवासींच्या जागा बळकावणारे लोक या राज्यात निघाले आहेत, आणि त्यांना अडविण्यासाठीच १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कडक रीत घालून दिली. जंगल वाचविणे हेही कर्तव्यच आहे. टेबलामागे बसलेला कारकून बहुधा दुष्ट नसतो. त्याच्यापुढे शंभर कागद असतात आणि उद्या तपासणी येणार असते. चुकीची मंजुरी दिली तर त्याची चौकशी होते. चुकीची नामंजुरी दिली तर कोणी विचारीत नाही. दोष असलाच तर तो या तराजूत आहे. एका पारड्यात नोकरी आहे आणि दुसऱ्यात काहीच ठेवलेले नाही. मग काटा कोणीकडे झुकावा?

दुसऱ्या पारड्यात काही ठेवता येते काय? एक परदेशी उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून कामगार इंग्लंडला गेले. १९४८ मध्ये आलेल्या एका बोटीच्या नावावरून त्यांना विंडरश पिढी म्हणतात. पुढे कायदे कडक झाले आणि त्यांच्याकडे वास्तव्याचे पुरावे मागण्यात आले. आणि त्यांच्या आगमनाची नोंद असलेली कार्डे मात्र २०१० मध्ये त्यांच्या सरकारनेच नष्ट केली होती! नोकऱ्या गेल्या, औषधोपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर घालविले गेले. २०१८ मध्ये हे सर्व उघड झाल्यावर सरकारला माफी मागावी लागली आणि २०१९ मध्ये भरपाईची योजना निघाली. तीही फार धिमी चालली, असा तिच्यावर आक्षेप आहे. पण तिच्या तक्त्यातील दोन रकाने आपण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, यशस्वी न झालेल्या अर्जासाठी भरलेली फी परत करण्याचा. आणि दुसरा, जगण्यावर झालेल्या परिणामाचा, म्हणजे मनस्तापाचा. नाकारलेल्या अर्जाचा खर्च मोजता येत नाही असे यापुढे कोणी म्हणू नये. तो मोजण्यासाठी रकाने आखता येतात.

आपल्याकडेही काहीच झाले नाही असे नाही. वनहक्काच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. दावा नाकारला तर त्याची कारणे लेखी कळवावीत आणि दावेदाराला वरच्या समितीकडे दाद मागण्यासाठी साठ दिवसांची मुदत मिळावी, असे तीत स्पष्ट केले. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभरात नाकारलेल्या दाव्यांची संख्या दहा लाखांवर होती. मग प्रश्न निघाला की हे दावे नाकारताना नियम पाळले होते काय, आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आपला आदेश स्थगित केला. पंधरा दिवसांत देशाला समजले की नामंजुरीचा शेरा म्हणजे एखाद्याचे घर असते. महाराष्ट्रात मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपील करण्याची सोय झाली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानेही सेवा नाकारताना कारण लेखी देणे आणि अपिलाची वाट मोकळी ठेवणे बंधनकारक केले, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. दुसऱ्या पारड्यात काहीतरी ठेवण्याची ही सुरुवात आहे. परंतु साठ दिवसांची मुदत ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी कागद पोडावर पोचलाच नाही, किंवा पोचला पण वाचून दाखविणारा कोणी भेटला नाही, तर कायदा पुस्तकात आणि माणूस रानात, असेच व्हावयाचे.

आणि म्हणून हा विषय आम्ही आपणांपुढे, शहरात राहणाऱ्या व वाचू-लिहू शकणाऱ्या श्रोत्यांपुढे मांडला. या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतील व कचेरीतील मंडळी आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या, आपल्याकडे धान्य घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या थैलीत असा एखादा कागद असण्याचा संभव आहे. त्याने तो दाखविला तर तीन गोष्टी पाहाव्यात. नाकारण्याचे कारण लेखी दिले आहे काय? दाद मागण्याची मुदत कोणत्या दिवशी संपते? आणि ती दाद कोणापुढे मागावयाची? एवढे वाचून सांगावयास पाच मिनिटे लागतात, आणि त्याच्या दहा फेऱ्या वाचतात. जे कचेरीत बसतात त्यांना आमची वेगळी विनंती आहे : 'अपात्र' लिहिण्यापूर्वी 'कोणत्या कागदाअभावी' हे लिहावे, आणि तो कागद या माणसाजवळ असणे कधी शक्य तरी होते काय, हे क्षणभर मनाशी विचारावे.

त्या एसटीतील बाईंनी विचारलेला प्रश्न आता पुन्हा घेतो. थो अपात्र होता, का मी? ताई, दोघेही नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी एक वही उघडली गेली आणि तिच्यात तुमच्यासाठी रकानाच आखला नव्हता. अपात्र असलीच तर ती वही. हे उत्तर त्या दिवशी देता आले असते तर त्यांचे एक लाख मिळाले नसते, हे खरे. पण मेलेल्या माणसाच्या नावावरचा तो शेरा निदान त्यांच्या मनातून तरी पुसता आला असता. यवतमाळच्या बसस्थानकावर त्या उतरल्या, थैली छातीशी धरली आणि गर्दीत कचेरीच्या रस्त्याला लागल्या.